उजवा बूट तिचा, डावा माझा

माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला बूट घेतले होते. तपकिरी, नाडीचे, अस्सल चामड्याचे. लग्नाच्या आधी माझं पाऊल कागदावर ठेवून त्यांनी पेन्सिलीनं त्याची कड काढून नेली आणि तो कागद घेऊन ते स्वतः हैदराबादला गेले. आमच्याकडे तेव्हा चांगली वस्तू म्हणजे हैदराबादची, पुणे-मुंबईचं नाव नंतर. सासरे परळीला वीज केंद्रात फिटर होते. कमी बोलायचे, पण लग्नाच्या मांडवात त्यांनी कुणाला तरी सांगितलेलं वाक्य माझ्या कानावर आलं होतं, "तोंड काय, कुणीबी धुतंय. माणसाचे पाय बघावेत." तेव्हापासून मला माझ्या पायांची काळजी वाटायला लागली होती.

लग्न झालं वैशाखात. त्यानंतरचा पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीही तो नावालाच पडला होता. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो हा. मी मॅट्रिक होऊन गेवराईजवळच्या आमच्या खेड्यात रिकामा बसलो होतो. भाद्रपदात मला दिंद्रुडजवळच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मस्टर कारकून म्हणून नेमलं. काम सोपं होतं. सकाळी सगळ्यांची हजेरी घ्यायची, दिवसभर कुठली टोळी कुठं आहे ते बघत फिरायचं आणि संध्याकाळी पुन्हा हजेरी घ्यायची.

पहिल्या दिवशी मी ते बूट घालून गेलो. टायरच्या चपला होत्या माझ्याकडे, पण त्या मी मुद्दाम खोलीवर ठेवल्या. बावीस वर्षांचा, काटकुळा पोरगा मी, आणि हजेरी घ्यायची ती आईबापाच्या वयाच्या माणसांची. बूट पाहून तरी ती माणसं मला मोजतील असं वाटलं. मोजलं की नाही माहीत नाही. खडीच्या ढिगांनी मात्र बुटांना मोजलं. तिथं जमीन अशी नव्हतीच, सगळा मुरूम आणि फोडलेला दगड. पंधरा दिवसांत दोन्ही बुटांची पुढची टोकं पांढरी पडली, कातडं खरवडून त्याचे केसांसारखे तंतू निघाले. उजव्या बुटाच्या बाजूला एका पहारेचं टोक लागून चामड्याचा नखाएवढा पापुद्रा उचकटला.

त्यात परळीहून पत्र आलं. बायको माहेरी होती, आणि दिवाळसणाला यावं असं सासऱ्यांनी लिहिलं होतं. दुष्काळ आहे, थाटमाट काही नाही, पण पहिला सण आहे, या. पत्र वाचून माझी नजर थेट खाली गेली.

दिंद्रुडच्या बाजारात बुटाच्या पॉलिशची एकच डबी मिळाली, ती काळी. काळं तर काळं म्हणून मी ती आणली आणि खोलीवर बसून टोकांना चोळली. तपकिरी बुटांना काळी नाकं आली. ते झाकावं म्हणून खोबरेल तेल लावलं, तर डाग आणखी पसरले. दुसऱ्या दिवशी हजेरीला उभा राहिलो तेव्हा समोरच्या ओळीतल्या दोघीजणी पदरात हसल्या.

दुपारी सुकडी वाटून झाली. सरकारकडून कामावरच्या माणसांना मिळणारं ते भाजक्या पिठाचं गोडसर खाणं. मी बाभळीच्या सावलीला बसलो होतो. खडी फोडणाऱ्या बायांच्या टोळीतली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. उंच, हाडापेराची, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"सायब, रागावणार न्हाईत तर इचारते," ती म्हणाली. "ह्या बुटाला कावून असं मारायलाव?"

मी ओशाळून म्हणालो, "मावशी, मारलं कुठं, पॉलिश केलंय."

"हे पॉलिश व्हय?" तिनं खाली बसून बुटाला हात न लावता मान वाकडी करून पाहिलं. "वासराचं कातडं हाय. लई चांगलं. असलं कातडं आमच्या सोसायटीत दोनदाच आल्तं."

मग कळलं ते असं. तिच्या सासरचं घराणं पिढ्यान्पिढ्या चामड्याचं काम करणारं. आधी विहिरींच्या मोटा बांधायचे. विहिरींवर इंजिनं आली आणि मोटा गेल्या. मग तालुक्याच्या गावी या लोकांची सहकारी सोसायटी निघाली. पत्र्याची शेड मिळाली, शिवायचं यंत्र आलं, लाकडी साचे आले. चपला, बूट करायचे. पण ओळीनं दोन वर्षं पाऊस नाही म्हटल्यावर पायताण घ्यायला येतंय कोण? सोसायटीला कुलूप लागलं. तिचा नवरा नि थोरला मुलगा ऊसतोडीला गेले होते आणि ती इथं खडी फोडत होती.

"तुम्ही काय करायच्या सोसायटीत?" मी विचारलं.

"शिवायचं काम गड्यांचं. रंग, मेण, घोटाई आमचं बायांचं. बूट दुकानात गेला की गिऱ्हाईक आमचंच काम बघतंय की. शिवण कोण बघतंय?" हे तिनं बढाई म्हणून सांगितलं नाही.

मी तिला पत्राची हकीकत सांगितली. का सांगितली कुणास ठाऊक, पण सांगितली. सासऱ्यांचं ते पायाचं वाक्यसुद्धा. ती हसली. "मंग तर करावंच लागंल. पण एका अटीवर. एक बूट मी करते, दुसरा तुमी. म्या सगळं करून दिलं तर म्हैन्यात पुन्हा ह्येच हाल."

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत आमचं काम सुरू झालं. मी टायरच्या चपला घालून यायला लागलो. त्यावरून मला कुणी कमी मोजल्याचं दिसलं नाही.

पहिल्यांदा काळं काढायचं. चिंधीला घासलेटचे दोन थेंब लावून ती उजव्या बुटाचं टोक हळूहळू पुसत होती, चिंधीची जागा सारखी बदलत. मी डावा पुसत होतो. "रगडू नका. डाग पुसायचा हाय, कातडं न्हाई," ती मला सांगे. काळं गेल्यावर खालचं खरचटलेलं कातडं जखमेसारखं उघडं पडलं. ते दोन दिवस सावलीत सुकू दिलं. मग तिनं घरून एका वाटीत चिंचोक्याची खळ शिजवून आणली. उचकटलेल्या पापुद्र्याखाली काडीनं ती खळ भरली, अंगठ्यानं दाबली, फडक्यानं गुंडाळून वर सपाट दगड बांधला. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर पापुद्रा बसला होता, नुसती एक रेघ दिसत होती.

मग घासायचं. तिच्याकडे झिजलेला काचकागद होता, त्यानं निघालेले केस बसवायचे आणि नंतर म्हशीच्या शिंगाचा गुळगुळीत तुकडा घेऊन वरून घोटायचं. ते शिंग तिनं पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. तिची बोटं दगडांनी फुटलेली, पण शिंग हातात धरलं की चिंध्यांसकट त्या हाताची चाल बदलायची. मला तिच्या हाताकडेच बघत बसावंसं वाटे आणि ती मला ओरडे, "तुमचा बूट बघा, सायब."

रंगाच्या दिवशी भांडण झालं.

तपकिरी रंग ती बाभळीच्या सालीपासून करणार होती. साल मुबलक होती, आम्ही बसायचो त्याच झाडाची. "लोखंडाच्या भांड्यात शिजवली की काळी पडती. जर्मनचंच पायजे," असं म्हणून तिनं घरून ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं होतं. तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, साल ठेचून टाकली. तिनं बाजूला झाकून ठेवलेला तांब्या उचलला आणि पातेल्यात पाणी ओतलं.

कामावर पिण्याचं पाणी बैलगाडीवरच्या टाकीतून यायचं. लांबच्या एका विहिरीतून भरून आणायचे. दुपारी माणशी एक तांब्या. तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत काढायचं.

शेजारच्या टोळीतला एक धनगर गडी उठून आला. त्याची निम्मी मेंढरं त्या उन्हाळ्यात मेली होती, हे मला माहीत होतं. तो माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "आमी घसा कोरडा करून दगुड फोडायचा, अन् सायबाच्या बुटाला पाणी?"

मागं आणखी चार-पाच माणसं उभी राहिली. तो खरं बोलत होता.

ती चुलीवरची नजर न काढता म्हणाली, "माज्या वाट्याचं हाय. मी प्याले न्हाई. तुजं मागितलं का?"

"पर बुटाला?"

"मला दुसरं काय येतंय? दीड वर्ष झालं, हातात रंग धरला न्हाई. दगुड फोडून बोटं इसरायलीत. उद्या सोसायटी उघडली तर मी काय खडी रंगवू?"

त्या गड्यानं वाकून पातेल्यात पाहिलं. मग म्हणाला, "बरं बाई, कर," आणि गेला. बाकीचे पांगले.

मी मात्र तिथंच बसून राहिलो. ती पाणी प्यालेली नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सकाळपासून उन्हात ती हातोडा मारत होती आणि मी हजेरीपट घेऊन फिरत होतो. माझ्या वाट्याचा तांब्या मागं भरलेलाच होता. मी तो तिच्यापुढे केला. तिनं आधी नको म्हटलं. मग दोन्ही हात जोडून ओंजळ केली, मी वरून पाणी घालावं म्हणून. आमच्या घरी, आमच्या गावात असंच चालत आलेलं होतं. माझ्या आईनंही तसंच ओतलं असतं. मी तांब्या तिच्या हातात दिला. ती क्षणभर तांब्याकडे आणि माझ्याकडे पाहत राहिली, मग तोंड लावून अर्धं पाणी प्याली आणि उरलेलं तिनं माझ्यापुढे ठेवलं. आता बघायची पाळी तिची होती. मी तांब्या उचलून ते प्यालो. ती पातेल्यातली साल काडीनं ढवळायला लागली.

काढा आटून चहापेक्षा दाट झाला तेव्हा तिनं तो उतरवला. चिंधीच्या बोळ्यानं एक हात, सुकला की दुसरा, सुकला की तिसरा. पहिल्या हाताला रंग फिका आणि डागाळ दिसला, मी घाबरलो. "थांबा जरा. कातडं पिऊ द्या," ती म्हणाली. तिसऱ्या हाताला टोकं बाकीच्या बुटाशी मिळून आली. शेवटी मेण. मधाच्या पोळ्याच्या मेणाचा सुपारीएवढा गोळा तिनं जपून ठेवलेला होता. त्यात करडईचं तेल घालून वाटी उन्हात ठेवली, मऊ झालं की अंगठ्यानं चोळायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं घासायचं, हात दुखेपर्यंत.

दोन्ही बूट शेजारी ठेवले. उजव्याकडे पाहिल्यावर कुठं लागलं होतं ते सांगता आलं नसतं. डाव्याच्या टोकाला एक गडद ठिगळासारखी सावली राहिली होती आणि माझं घासणं एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी झालं होतं.

"चालतंय," ती म्हणाली. "पयल्या बुटाला माजंबी असंच झाल्तं. सासूनं फेकून मारला व्हता मला."

दिवाळसणाला परळीला गेलो. स्टेशनवर उतरल्यावर रुमालानं बुटांवरची राख पुसली, कारण तिथं हवेतच कोळशाची बारीक राख असायची. घरी पाय धुवायला अर्धी बादली पाणी मिळालं. सासऱ्यांनी बूट उचलून भिंतीकडेला ठेवले. ठेवताना एक हातात घेऊन पाहिला, मग दुसरा. जेवणं झाली. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "पाव्हणं, डावा कुणी केला?"

मी म्हणालो, "मी, मामा."

"आन् उजवा?"

मग मी सगळं सांगितलं. काळं पॉलिश, घासलेट, चिंचोके, बाभळीची साल. पाण्याचा तांब्याही सांगितला. सासूबाई दाराआड होत्या, त्या थोड्या चुळबुळल्या. बायको मधल्या खोलीत हसत होती ते ऐकू येत होतं. सासऱ्यांनी सुपारी तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि उठून झोपायला गेले.

सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर ओसरीवर त्यांचे कामावरचे जुने बूट ठेवलेले. टोकं पार सोललेली, वर तेलाचे आणि कोळशाचे डाग. शेजारी घासलेटची बाटली आणि चिंध्या.

"बघा, ह्याचं काय होतंय का," ते म्हणाले.

सासूबाई आतून धावत आल्या. "आवं, पयल्या सणाला जावयाच्या हातात पायताण? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे बूट आणून द्या म्हणावं, तेबी करतील," सासरे म्हणाले. आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. सणाची ती सकाळ आम्ही दोघांनी बूट पुसण्यात घालवली. त्यांनी एक बूट घेतला, मी एक. "डाग पुसायचा, कातडं नाही," मी त्यांना सांगितलं आणि ते म्हणाले, "बरं." बायकोनं दोनदा चहा आणला. त्या एका सकाळी सासरे माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं त्यानंतर कितीतरी वर्षांत बोलले नसतील. हैदराबादच्या कुठल्या गल्लीत ते बूट घेतले, दुकानदारानं कागदावरचं माझं पाऊल बघून "लडका दुबला है क्या?" असं कसं विचारलं, हे सगळं.

कामावर परत आलो ते मनात एक गोष्ट घेऊन. मला अर्ज लिहिता येत होता, तेवढं एकच येत होतं. मी मावशीला म्हटलं, तुमची सोसायटी पुन्हा उघडण्यासाठी अर्ज करू. ती म्हणाली, "गडी मान्सं ऊसतोडीहून आली की इचारते."

उन्हाळ्यात ती माणसं परतली. एका रविवारी मी त्यांच्या वस्तीत गेलो. पिंपळाच्या पारावर आठ-दहाजण बसले. तिचा नवरा शांत, खाली बघून बोलणारा माणूस. मी अर्ज लिहून वाचून दाखवला आणि खाली सभासदांची नावं घ्यायला सुरुवात केली. एकेकजण येऊन सही किंवा अंगठा करू लागला. शेवटचा अंगठा झाल्यावर मी कागद उचलायला लागलो तर मागं भिंतीशी बसलेली मावशी म्हणाली, "सायब, माजं नाव ऱ्हायलं."

एकजण म्हणाला, "बायांचं नाव कशाला? घरधन्याचं हाय की."

ती उठून पाराजवळ आली. "रंग कोण देतंय?" तिनं विचारलं. "मेण कोण लावतंय? घोटतंय कोण? न्हाई, मला सांगा. मी चुकत असंन तर सांगा."

त्यांच्यातला सर्वांत म्हातारा माणूस, जो आतापर्यंत डोळे मिटून बसला होता, म्हणाला, "लिवा सायब. खरं हाय तिचं." तिच्या नवऱ्यानं मान हलवली. मी तिचं नाव लिहिलं. तिनं अंगठा केला आणि मागं वळून हाक मारली. आणखी तीन बाया उठून आल्या. कागद संपला होता, म्हणून त्यांची नावं मी मागच्या बाजूला लिहिली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस पडला. माझं काम संपलं आणि मला गेवराईला खरेदी-विक्री संघात कारकुनी मिळाली. सोसायटीचं काय झालं ते मला अधूनमधून बाजारातल्या माणसांकडून कळायचं. सहकार खात्याचा माणूस येऊन गेला. कुलूप निघालं. साच्यांना वाळवी लागली होती, ते पुन्हा करावे लागले. शाळांच्या चपलांचं काम मिळालं. मोठं काही झालं नाही, पण शेडचं दार उघडं राहिलं, हे मोठंच होतं.

दोन-तीन वर्षांनी कामानिमित्त त्या बाजूला गेलो तेव्हा शेडकडे वळलो. आत गडी यंत्रावर बसले होते, आणि उजेडाच्या बाजूला मावशी दोन बायांबरोबर बूट घोटत होती. मला पाहून उठली, हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्या पायाकडे बघितलं. मग हसून मला बाहेर घेऊन गेली. दारावर पत्र्याची नवी पाटी लावली होती, संचालक मंडळाची. सात नावं होती.

"मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली. "रंगारी म्हणाला, तिसरं तुजं हाय. बघा बरं, हाय का?"

तिसरं तिचंच होतं. पण रंगाऱ्याकडून एक वेलांटी द्यायची राहिली होती, त्यामुळं नाव भलतंच वाचलं जात होतं. मी तिला खरं ते सांगितलं.

"मंग नीट करा की," ती म्हणाली. आत जाऊन बुटाच्या काळ्या रंगाची वाटी आणि बारीक कुंचला घेऊन आली. कुणीतरी स्टूल दिलं. मी चढलो आणि जपून वेलांटी काढली. ओघळ येऊ नये म्हणून तिनं खालून सांगितलं, "थोडाच घ्या रंग. थोडाच." मी उतरलो. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, तिथून पाटीकडे बघत उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "आता वाचा."

मी मोठ्यानं वाचलं. आतल्या गड्यांनी यंत्र थांबवलं.

"अजून एकदा," ती पलीकडून म्हणाली.